आधी नाव सांगा: स्वमग्न व्यक्तींना चेहरे ओळखताना येणारी अडचण आणि तिच्यावरचे उपाय

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी घरांत बऱ्याच दिवसांनी पाहुणा आला की तो मुलाला जवळ बोलावून ‘ओळख बघू मी कोण?’ असे विचारतो. विचारणाऱ्याच्या मनात कौतुकच असते. पण ज्या मुलाला चेहऱ्यावरून माणूस ओळखता येत नाही, त्याच्यासाठी ती चारचौघांत घेतलेली तोंडी परीक्षा ठरते. मूल गप्प राहते, आईच्या मागे सरकते किंवा भलत्याचेच नाव घेते, आणि मग ‘शिष्ट झालाय’, ‘याला माणसंच नकोत’ असे शेरे निघतात. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांच्या बाबतीत हे शेरे फार लवकर खरे मानले जातात, कारण स्वमग्न मूल माणसांपासून दूर राहते ही समजूत आधीच पक्की झालेली असते. प्रत्यक्षात त्यांतल्या अनेकांना माणसे हवी असतात. समोरचे माणूस कोणते, एवढेच त्यांना कळलेले नसते. पुढील सूचना अशा मुलांच्या पालकांसाठी, शिक्षकांसाठी आणि हीच अडचण घेऊन मोठ्या झालेल्या स्वमग्न व्यक्तींसाठी आहेत. त्यांतील बहुतेकांचा आधार एकच आहे: ओळख पटवण्याचे काम, ज्याला ते जमत नाही त्याच्यावर न टाकता, समोरच्याने स्वतःकडे घ्यावे.

अडचण नेमकी कशी असते

डोळ्यांना स्वच्छ दिसत असते. नाक, डोळे, कपाळ, मिशी हे सारे वेगवेगळे सांगता येते. पण हा चेहरा कोणाचा, याचे उत्तर मनात उमटत नाही. वैद्यकशास्त्रात याला प्रोसोपॅग्नोशिया म्हणतात. हे नाव जर्मन मज्जाविकारतज्ज्ञ योआखिम बोडामर यांनी १९४७ मध्ये, मेंदूला इजा झालेल्या रुग्णांचे वर्णन करताना वापरले. कोणतीही इजा न होता जन्मापासूनच ही अडचण असलेली माणसेही पुष्कळ असतात, हे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ध्यानात आले. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास मानले जाते. स्वमग्न व्यक्तींत ते बरेच अधिक आढळते. स्वमग्न प्रौढांच्या एका अभ्यासात, जो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, एक-तृतीयांशाहून थोड्या अधिक सहभागींत ही अडचण दिसून आली. याचाच अर्थ असा की उरलेल्या मोठ्या गटात ती नव्हती. त्यामुळे मूल स्वमग्न आहे म्हणजे त्याला चेहरे ओळखता येणारच नाहीत असे गृहीत धरू नये, आणि चेहरे ओळखता येत नाहीत म्हणजे ते स्वमग्नच आहे असेही मानू नये.

बहुतेक माणसे चेहरा सुटा सुटा न पाहता एकसंध पाहतात. फोटो उलटा धरला तर घर किंवा विमान ओळखण्यापेक्षा चेहरा ओळखणे कितीतरी जास्त अवघड होते, हे रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्येच दाखवले होते. चेहऱ्यासाठी मेंदू काही वेगळी रीत वापरतो याचा तो एक पुरावा मानला जातो. मेंदूच्या खालच्या बाजूला असलेल्या फ्युसिफॉर्म नावाच्या घडीचा एक भाग चेहरे पाहताना विशेष कामाला लागतो, हे नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडले. ज्यांना ही अडचण असते त्यांना चेहरा बहुधा तुकड्यांनी लक्षात ठेवावा लागतो: हनुवटीवरचा तीळ, जाड चष्मा, मधोमध भांग. पावसाळा सरल्यावर रस्त्याने मेंढरांचा कळप जातो तेव्हा आपल्याला सगळी मेंढरे सारखी दिसतात आणि धनगराला मात्र प्रत्येक वेगळे कळते. चेहऱ्यांच्या बाबतीत या व्यक्ती आपल्या जागी असतात. फरक इतकाच की आपण धनगराबरोबर काही महिने राहिलो तर शिकू, आणि या व्यक्ती जन्मभर माणसांत राहूनही तितके शिकत नाहीत. बुद्धीशी याचा संबंध नाही. मज्जाविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स आणि चिंपांझींचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या जेन गुडॉल या दोघांनीही आपल्याला चेहरे ओळखता येत नसल्याचे जाहीरपणे सांगितले होते.

येथे एक भेद करून ठेवणे आवश्यक आहे. चेहरा कोणाचा हे ओळखणे वेगळे आणि चेहऱ्यावरचा राग, आनंद, कंटाळा ओळखणे वेगळे. एखाद्या मुलाला आत्या लगेच ओळखू येते, पण ती चिडली आहे हे कळत नाही. दुसऱ्याला समोरची बाई चिडली आहे हे कळते, पण ती आपलीच आत्या आहे हे कळत नाही. या लेखात फक्त पहिल्या प्रकाराचा विचार केला आहे.

आधी नीट पाहून घ्यावे

उपायांकडे वळण्यापूर्वी काही आठवडे केवळ निरीक्षण करावे, आणि मुद्दाम परीक्षा मात्र घेऊ नये. आईने वेश बदलून मुलासमोर उभे राहणे, मुलाला गर्दीत सोडून ते काय करते हे लपून पाहणे, असले प्रयोग क्रूर असतात आणि त्यांतून हाती काही लागत नाही, कारण घाबरलेले मूल ओळखीच्या माणसालाही ओळखत नाही. रोजच्या जगण्यात पुरेसे प्रसंग आपोआप घडतात. एक साधी वही करावी आणि तिच्यात चार गोष्टी लिहाव्यात: कोण भेटले, कुठे भेटले, त्या माणसात नेहमीपेक्षा काय बदललेले होते, आणि शेवटी मुलाने कशावरून ओळखले. अशा वहीतल्या नोंदी साधारण पुढीलप्रमाणे असतात. ‘शाळेचे सर, गणपत गल्लीत, पँट-शर्टाऐवजी लेंगा, ओळखले नाही, सर बोलल्यावर लगेच ओळखले.’ ‘बाबा, दारातच, हेल्मेट घातलेले, दार उघडले नाही.’ ‘शेजारच्या काकू, आपल्याच जिन्यात, नेहमीचा गाऊन, ओळखले.’ ‘अनोळखी बाई, बसस्टँडवर, आईच्या साडीसारखी साडी, जाऊन हात धरला.’ असे दहा-बारा प्रसंग एकाखाली एक आले की ओळख जागेवर, कपड्यांवर किंवा आवाजावर टेकलेली आहे की खरोखर चेहऱ्यावर, हे बऱ्यापैकी स्पष्ट होते.

टीव्हीवरच्या मालिका हीसुद्धा चांगली जागा आहे. ज्या मुलाला चेहरे ओळखता येत नाहीत त्याला नायिकेने केस मोकळे सोडले की ती नवीन बाई वाटते आणि ‘ही कोण?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. कार्टूनमध्ये मात्र त्याचा कधी गोंधळ होत नाही, कारण तिथे प्रत्येकाचा पोशाख आणि आवाज ठरलेला असतो. शाळेच्या सामूहिक फोटोत स्वतःला शोधता न येणे हीही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

याच काळात इतर कारणे बाजूला काढावीत. डोळे तपासून घ्यावेत. चष्म्याचा नंबर न कळल्यामुळे लांबची माणसे न ओळखणारी मुले कमी नाहीत. ऐकू नीट येते का, हेही पाहावे. मुलाला माणूस कळतो पण नाव आठवत नाही, अशी स्थिती असेल तर ती वेगळी अडचण आहे: ‘कुंद्याच्या दुकानातले काका’ असे जे मूल बरोबर सांगते, त्याने माणूस ओळखलेला असतो. गोंगाटाने किंवा गर्दीने गांगरून गेलेले मूल ओळखीच्या माणसालाही प्रतिसाद देत नाही, म्हणून शांत जागेतल्या नोंदींना अधिक वजन द्यावे.

घरात आणि नात्यागोत्यात

सर्वांत उपयोगी आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे आलेल्या माणसाने तोंड उघडताच आपले नाव, नाते आणि गाव सांगणे. ‘मी शोभाआत्या, येळ्ळूरची’ इतके पुरते. नुसते ‘मी आत्या’ म्हणू नये, कारण आत्या तीन असतात. नुसते ‘मी शोभा’ म्हटले तर शेजारची शोभाकाकू डोळ्यांपुढे येऊ शकते. नाते आणि गाव जोडून सांगण्याची आपल्याकडे सवय आहेच. फोनवर आपण तसेच बोलतो. ज्याला आपला चेहरा दिसत नाही त्याला आपण फोनवर जितक्या सहजपणे नाव सांगतो, तितक्याच सहजपणे ते समोरासमोर सांगायचे आहे.

नातेवाइकांना हे आधी कळवणे पालकांचे काम आहे, आणि ते पाहुणे दारात उभे असताना करू नये. घराण्याच्या व्हॉट्सॲप गटावर दोन-तीन ओळींचा निरोप टाकावा: ‘आमच्या मुलाला चेहऱ्यावरून माणूस ओळखता येत नाही, आवाजावरून येतो. भेटल्यावर कृपया आधी आपले नाव सांगा आणि ओळख विचारू नका.’ आजारपणाचा सूर लावू नये आणि माफीही मागू नये. वडीलधारी माणसे पहिल्यांदा ‘सवयीनं येईल सगळं’ असे म्हणतील. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा प्रत्येक भेटीत पालकांनीच पुढे होऊन ‘हे बघ, कडोलीचे तात्या आले’ असे मोठ्याने म्हणणे अधिक परिणामकारक ठरते. आठ-दहा वेळा ऐकले की तात्या स्वतःच म्हणू लागतात.

मुलाने डोळ्यांत पाहावे असा आग्रह धरू नये. अनेक स्वमग्न व्यक्तींना दुसऱ्याच्या नजरेला नजर देणे त्रासाचे असते, आणि हनुवटी धरून मान वर केल्याने ओळख सुधारत नाही. उलट त्या माणसाचा आवाज ऐकण्याकडे जे लक्ष लागायला हवे, ते नजर चुकवण्यात खर्च होते. त्याचप्रमाणे मागून येऊन डोळे झाकणे, न बोलता पाठीवर थाप मारणे, उचलून घेणे हे लाडाचे प्रकार बंद ठेवावेत. आधी बोलावे, मग स्पर्श करावा.

घरातल्या माणसांत बदल होणार असेल तर तो आधी सांगावा, आणि शक्य असेल तर मुलाच्या देखत व्हावा. वडील मिशी काढणार असतील तर मुलाला न्हाव्याच्या दुकानात सोबत न्यावे. घरात मृत्यू झाला आणि पुरुषांनी मुंडण केले, तर त्या दिवसांत मुलाच्या दृष्टीने घरातली दोन-तीन माणसे एकदम नाहीशी झालेली असतात. दुःखाच्या गडबडीत हे कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून एका माणसाने मुलाजवळ बसून ‘हे काकाच आहेत, केस काढलेत, आवाज ऐक’ असे सांगण्याची जबाबदारी घ्यावी.

फोटोंचा उपयोग होतो, पण आपण समजतो तितका नाही. एका माणसाचा एकच फोटो वारंवार दाखवला तर मूल तो फोटो पाठ करते: निळी भिंत आणि लाल साडी म्हणजे मावशी. माणूस समोर आला की भिंत नसते आणि साडीही नसते. म्हणून प्रत्येकाचे चार-पाच फोटो घ्यावेत, वेगवेगळ्या कपड्यांतले, वेगवेगळ्या जागचे, निदान एक बाजूने काढलेला. माझ्या मते फोटोंपेक्षा आवाजाचा संग्रह अधिक कामाचा आहे. प्रत्येक जवळच्या नातेवाइकाकडून मोबाइलवर छोटी ध्वनिफीत मागवावी, तिच्यात नाव, गाव आणि रोजच्या बोलण्यातले एखादे वाक्य असावे, आणि पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी ती मुलाला ऐकवावी. चेहरे ओळखण्याचा सराव करून घेणारे संगणकीय खेळही तयार झाले आहेत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वमग्न मुलांनी असे खेळ सुमारे २० तास खेळल्यावर काही ठरावीक कसोट्यांत सुधारणा दिसली. ती प्रत्यक्ष बाजारात किती टिकते हा वेगळा प्रश्न आहे. मुलाला असा खेळ आवडत असेल तर खेळू द्यावा, पण तो औषधाच्या डोसासारखा लादू नये. या अडचणीवर गोळी-औषध नाही.

कोणत्या खुणा धराव्यात

मुले खुणा स्वतःच शोधतात. आपण फक्त टिकाऊ खुणांकडे त्यांचे लक्ष वळवायचे असते. आवाज सर्वांत भरवशाचा. त्यानंतर चालण्याची ढब, उंची, बांधा, हसण्याची रीत, हातांची ठेवण, ठळक तीळ किंवा व्रण. कपडे, केशरचना, टिकली, चष्मा, गाडीचा रंग या खुणा सोप्या असतात, पण दगा देतात. गावाकडच्या ज्येष्ठ पुरुषांच्या बाबतीत तर पांढरी टोपी, पांढरा सदरा, धोतर आणि मिशी अशी एकच मूर्ती सगळीकडे भेटते, त्यामुळे टोपीवरून आजोबा ओळखायला शिकलेले मूल देवळाच्या कट्ट्यावर पुरते फसते.

आपल्या भागात आणखी एक खूण मिळते, आणि ती म्हणजे माणूस आपल्याशी कोणत्या भाषेत बोलतो. भाजीवाल्या अक्का कन्नडमधून सुरुवात करतात, दूधवाले मराठीतून, औषधाच्या दुकानातले दादा हिंदीतून. बेळगावच्या मुलाला हे कोणी न शिकवता माहीत असते आणि चेहरे न ओळखणारे मूल त्याचा पुरेपूर वापर करते. या खुणेचा कच्चा दुवा असा की इथली माणसे भाषा सहज बदलतात. नेहमी मराठीत बोलणारे शेजारचे अण्णा एखाद्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये बोलताना ऐकले की मुलाला ते दुसरेच कोणी वाटू शकतात. भाषा बदलली तरी आवाज तोच असतो, हे दोन-चार वेळा त्याच माणसाकडून दोन्ही भाषांत काही वाक्ये बोलवून घेऊन दाखवता येते.

लग्न, मिरवणूक, यात्रा

सगळ्यात कठीण प्रसंग म्हणजे जिथे सगळे एकसारखे दिसतात ते. लग्नात आलेल्या प्रत्येक पुरुषाला फेटा बांधला जातो, आणि केस, टक्कल, कपाळ या सगळ्या खुणा एका झटक्यात झाकल्या जातात. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत भगवे फेटे, गणपतीत मंडळाचे एकाच रंगाचे टी-शर्ट, हळदीकुंकवात महिला मंडळाच्या एकसारख्या साड्या. त्यात ढोल-ताशांनी आवाजाची खूणही बुडते. गावोगावच्या लक्ष्मी यात्रेत परिस्थिती आणखी वेगळी असते: काही वर्षांनी येणारी यात्रा, घरात मावणार नाहीत इतके पाहुणे, आणि प्रत्येकाची अपेक्षा की मुलाने पाया पडून नाव घ्यावे.

अशा ठिकाणी पुढील तयारी करावी. घरातल्या एका माणसाने, मोठी बहीण किंवा मामा, मुलाचा सोबती व्हावे आणि समोरून माणूस येताना हळू आवाजात सांगावे: ‘डावीकडून येतायत ते संकेश्वरचे आजोबा, सोबत त्यांची सून.’ मुलाने फक्त नमस्कार केला तरी पुरे. नाव घेण्याचा आग्रह सोबत्याने मोडून काढावा. आई-वडिलांनी गर्दीत ओळखू येईल असे काही अंगावर ठेवावे, उदाहरणार्थ मनगटाला बांधलेला गडद पिवळा रुमाल, आणि तो दिवसभर काढू नये. चुकामूक झाली तर कुठे थांबायचे ती जागा आधी दाखवावी; ती जागा म्हणजे माणूस नसावा, तर देवळाची पायरी, मंगल कार्यालयाचे फाटक अशी न हलणारी वस्तू असावी. मोठ्या मुलाकडे फोन असेल तर त्याने गर्दीत चेहरे शोधत फिरू नये. फोन लावावा, पालकांनी हात वर करावा, आणि मुलाने त्या हाताकडे यावे. आणि यात्रेच्या घरात एक खोली, निदान माळ्यावरचा कोपरा, पाहुण्यांपासून मोकळा ठेवावा, कारण दिवसभर माणसे ओळखण्याचा प्रयत्न करणे हे अत्यंत थकवणारे काम असते.

शाळेत

एकच गणवेश, सारख्या रिबिनी, सारखे कापलेले केस. वर्गात मूल बहुधा जागेवरून माणूस ओळखते, म्हणून वर्षाच्या सुरुवातीला तरी बसण्याच्या जागा वारंवार बदलू नयेत आणि बाकांचा नकाशा नावांसह मुलाच्या वहीत चिकटवून द्यावा. गटात काम देताना ‘तुझ्या गटातल्या मुलांना शोध’ असे न म्हणता नावे घेऊन त्यांना मुलाजवळ आणावे. मैदानावर दोन्ही संघ एकाच गणवेशात असतील तर एका संघाने रंगीत पट्टा बांधावा. बदली शिक्षक किंवा नवीन कन्नड शिक्षक वर्गात आले तर त्यांनी नाव सांगून फळ्यावर लिहावे. शिक्षकाने शाळेबाहेर भेटल्यावर आपण कोण ते सांगावे, आणि मुलाने बाजारात नमस्कार केला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गात बोलू नये.

मधल्या सुट्टीत काही मुले दुसऱ्याचे नाव सांगून फसवण्याचा खेळ करतात. तो थट्टा म्हणून सोडून देऊ नये. मुलाकडे असलेला नावाचा एकमेव आधार त्यातून खोटा ठरतो.

सुरक्षिततेसाठी

‘अनोळखी माणसाबरोबर जाऊ नको’ ही शिकवण या मुलांना लागू पडत नाही, कारण अनोळखी कोण हेच त्यांना ठरवता येत नाही. शिवाय वर सुचवलेल्या उपायाला एक भोक आहे: जो माणूस ‘मी तुझा काका’ म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवायला मूल शिकू शकते. म्हणून दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या कराव्यात. नाव सांगणाऱ्याशी बोलायला हरकत नाही. त्याच्याबरोबर जायचे मात्र फक्त घरातला सांकेतिक शब्द सांगितल्यावरच. हा शब्द घरातल्या मोजक्या माणसांनाच माहीत असावा, पाळीव कुत्र्याच्या किंवा कुलदैवताच्या नावासारखा सहज ओळखता येणारा नसावा, आणि एकदा वापरला गेला की बदलावा. शाळेच्या फाटकावर मुलाला न्यायला आई स्वतः आली तरी तिने तो शब्द म्हणावा, म्हणजे नियमाला अपवाद राहत नाही.

दप्तरात आणि खिशात एक कार्ड असावे. त्यावर पालकांचा फोन क्रमांक आणि ‘मला चेहरे ओळखता येत नाहीत, कृपया या क्रमांकावर फोन करा’ हे वाक्य मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असावे. बसचे वाहक किंवा पोलीस मराठी वाचणारे असतीलच असे नाही. मुलांसाठी १०९८ आणि कोणत्याही तातडीसाठी ११२ हे क्रमांक मुलाकडून पाठ करून घ्यावेत. हरवल्यास गणवेशातल्या पोलिसाकडे किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाकडे जावे हे शिकवावे. इथे गणवेश आणि जागा या खुणा कामाच्या आहेत.

तपासणी आणि कागदपत्रे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या विकासातील अडचणींची तपासणी होते. अंगणवाडी किंवा सरकारी शाळेतून त्याची चौकशी करावी. सविस्तर तपासणीसाठी बेंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था या सार्वजनिक संस्था आहेत. चेहरे ओळखण्याच्या अडचणीसाठी केंब्रिज फेस मेमरी टेस्ट ही २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी जगभर वापरली जाते. मात्र तिच्या मूळ आवृत्तीतले चेहरे गोऱ्या पुरुषांचे आहेत, आणि ज्या वंशाचे चेहरे आपण लहानपणापासून पाहिलेले नाहीत ते सगळ्यांनाच अवघड जातात. तेव्हा इंटरनेटवर अशी चाचणी सोडवून कमी गुण मिळाले म्हणून निष्कर्ष काढू नये. घरची वही तज्ज्ञांना अधिक उपयोगी पडते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांच्या यादीत स्वमग्नतेचा समावेश आहे, चेहरे ओळखण्याच्या अडचणीचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे प्रमाणपत्र स्वमग्नतेचे मिळते आणि त्यासोबत तज्ज्ञांच्या पत्रात ही अडचण वेगळी नमूद करून घ्यावी. एक इशारा: आजवर चेहरे नीट ओळखणाऱ्या माणसाला अचानक ते ओळखेनासे झाले, तर तो मेंदूच्या आजाराचा संकेत असू शकतो. अशा वेळी एक दिवसही न थांबता रुग्णालयात जावे.

मोठ्या व्यक्तींसाठी

अनेक स्वमग्न प्रौढांना आपली ही अडचण तिशी-चाळिशीत पहिल्यांदा नीट कळते. तोवर त्यांनी एक युक्ती अंगवळणी पाडलेली असते: सगळ्यांनाच हसून ‘या, या, कसे आहात?’ म्हणायचे आणि बोलता बोलता ओळख लागण्याची वाट पाहायची. ही युक्ती चालते, पण तिच्यात सगळे लक्ष खर्च होते आणि समोरचा काय बोलला ते निसटते. त्यापेक्षा एक सरळ वाक्य तयार ठेवावे आणि न अडखळता म्हणावे: ‘रागावू नका, मला चेहरे लक्षात राहत नाहीत, आवाज ऐकला की कळतं. आपण कोण?’ कन्नड बोलणाऱ्या माणसाला ‘निम्म हेसर हेळ्री’ म्हणजे ‘आपलं नाव सांगा’ एवढे म्हटले तरी चालते. बहुतेक माणसे नाव सांगून मोकळी होतात. काही जण ‘मला नाही ओळखलंस?’ म्हणून अडून बसतात. त्यांच्यासाठी तेच वाक्य एकदा पुन्हा म्हणावे आणि जास्त स्पष्टीकरण देत बसू नये. एकाला दुसरा समजून बोललो हे लक्षात आले, तर ‘मी आपल्याला दुसरे कोणी समजलो’ असे सांगून बोलणे पुढे न्यावे.

कामाच्या ठिकाणी वरिष्ठांना आणि रोजच्या दोन-तीन सहकाऱ्यांना सांगणे पुरते. सगळ्या कार्यालयाला सांगायची गरज नाही. सरकारी आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्यांना आवश्यक त्या वाजवी सोयी द्याव्यात असे २०१६ च्या कायद्यात म्हटले आहे, आणि या बाबतीत त्या सोयी अगदी साध्या असतात: बैठकीत नावाच्या पाट्या, बोलण्यापूर्वी नाव सांगण्याची रीत, येणाऱ्यांची यादी आदल्या दिवशी, ठरलेली बसण्याची जागा. फोनमधल्या नावापुढे ‘घोगरा आवाज, डावखुरे, अनगोळ’ अशा खुणा लिहून ठेवाव्यात. त्या दुसऱ्याने वाचल्या तरी त्याला वाईट वाटणार नाही अशाच असाव्यात.

दुकान चालवणाऱ्यांनी एक शिस्त कटाक्षाने पाळावी. उधारी, परत करायचे पैसे, दुरुस्तीला आलेली वस्तू किंवा कोणाचा ठेवलेला माल चेहऱ्यावर विसंबून कधीही देऊ नये. पावती करावी, तिच्यावर नाव आणि फोनचे शेवटचे चार आकडे लिहावेत, आणि गिऱ्हाईक कितीही जुने असले तरी ‘नाव सांगा’ विचारूनच वही उघडावी. सगळ्यांनाच विचारले की कोणालाही ते वेगळे वाटत नाही, आणि दिवाळीच्या गर्दीत, जेव्हा अख्खी बाजारपेठ नवे कपडे घालून दुकानात उभी असते, तेव्हाही हिशेब चुकत नाही.